लाइट गेली तरी कमिट: गिट की सबव्हर्जन?
मे महिन्यात नागपुरात भर दुपारी लाइट गेली की राउटरही जातो. लॅपटॉप मात्र दोन-तीन तास तग धरतो. गिट आणि सबव्हर्जन ही फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारी सॉफ्टवेअर. तेवढ्या वेळात कमिट (त्या इतिहासात बदलांची नोंद) करता येतं का, एवढाच प्रश्न.

सबव्हर्जनमध्ये नाही. कमिट थेट सर्व्हरवर जातं. आपण काय बदललं ते ऑफलाइन दिसतं, पण जुना लॉग (आधीच्या कमिटची यादी) बघायलाही सर्व्हरच लागतो.

लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये सुरू केलेल्या गिटमध्ये इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर असतो. कमिट, ब्रांच (कामाची वेगळी शाखा), लॉग सगळं तिथल्या तिथे. आम्हा चौघांचं खरं भागतं ते 'गिट बंडल'वर. सगळे कमिट एका फाइलीत बांधायचे, पेनड्राइव्हवर टाकायचे आणि हिंगण्याच्या दादाला द्यायचे. तो त्या फाइलीतूनच पुल करतो, म्हणजे कमिट आपल्या मशीनवर ओढून घेतो. एकदा मी आठवडाभर बंडल दिलंच नाही, मग कॉन्फ्लिक्ट (एकमेकांवर आदळलेले बदल) सोडवण्यात अख्खा रविवार गेला. "काहून बे, रोज द्यायला काय झालं होतं?" दादा बरोबरच बोलला.

सबव्हर्जनचं लॉक मात्र मला आवडतं; ते असेपर्यंत दुसऱ्याला ती फाइल कमिट करता येत नाही. फोटोशॉपच्या फाइली मर्ज होत नाहीत (दोघांचे बदल एकत्र जोडता येत नाहीत), तिथे 'आधी माझं होऊ दे' म्हणायची सोय हवीच. पण ते लॉकही सर्व्हरच देतो. ऑफिसात लॅन आणि इन्व्हर्टर पक्का असेल, डिझाइनच्या फाइली ढीगभर असतील, तर सबव्हर्जन घ्या. आम्ही गिटवरच आहोत.