बेडरूमसाठी एअर प्युरिफायर: लहान, पूर्ण वेगात की मोठा, मधल्या वेगात?

एअर प्युरिफायर घ्यायचं तुमचं ठरलंय असं धरून चालतो. हेपा (बारीक कण अडवणारा फिल्टर) काय, पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) काय, हे तुम्ही वाचलेलं असणार. खरा पेच त्यानंतर सुरू होतो. बेडरूमला कागदोपत्री पुरणारा लहान, उभा प्युरिफायर घ्यायचा, की दुकानदार ‘तो हॉलसाठी आहे’ म्हणतो तो मोठा, चौकोनी? आम्ही चेंबूरला राहतो. समोर रिडेव्हलपमेंट चालू आहे आणि आईला दमा आहे. आमच्या घरात दोन्ही वापरून झाले आहेत, म्हणून लिहितोय.

आधी लहानाबद्दल, कारण त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. किंमत जवळपास निम्मी, बेड आणि कपाटाच्या मधल्या फटीत मावतो, एका हाताने उचलून दुसऱ्या खोलीत नेता येतो. हिशेबही जुळतो. १० बाय १२ ची खोली, छत दहा फुटांवर, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाचदा गाळून निघावी असं वाटत असेल तर १७० घनमीटरचा सीएडीआर लागतो, म्हणजे यंत्राने तासाला तेवढी स्वच्छ हवा द्यायला हवी. लहानाच्या खोक्यावर त्याहून मोठाच आकडा छापलेला असतो. मग अडतं कुठे?

तो आकडा सगळ्यात वरच्या वेगाचा असतो. आमच्याकडे घोडं अडलं ते इथेच. त्या वेगावर लहान यंत्राचा आवाज माणसांच्या गप्पांइतका होतो, आणि तो रात्रभर उशाशी चालू राहतो. आई म्हणायची, विमानात झोपल्यासारखं वाटतं. झोपताना आम्ही यंत्र पूर्ण वेगावर ठेवायचो. मध्यरात्री ती उठायची, बटण दाबून स्लीप मोडवर आणायची, कधी सरळ बंद करायची. पहाटे, जेव्हा मुंबईची हवा जमिनीलगत कोंडलेली असते, नेमका तेव्हाच तिचा खोकला सुरू व्हायचा. स्लीप मोडवर सीएडीआर किती उरतो हे खोक्यावर सहसा नसतं. तो वरच्या आकड्याच्या पाव हिश्श्यावरही येऊ शकतो. म्हणजे खोलीत यंत्र आहे, दिवा हिरवा आहे, आणि हवा जेमतेम गाळली जातेय.

मोठ्याचं गणित इथे वेगळं पडतं. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो आणि वीज साधारण आठव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे ज्याचा पूर्ण सीएडीआर ४००च्या आसपास आहे, तो निम्म्या वेगावरही आपल्या खोलीला लागणारे १७० देऊन वर उरतो, आणि आवाज छताच्या पंख्याखाली बुडून जातो. तो आल्यापासून आई रात्री उठून बटणाला हात लावत नाही. मी मीटर लावून काही मोजलेलं नाही. पहाटेचा खोकला पुष्कळ कमी झाला आणि ड्रेसिंग टेबलच्या काळ्या काचेवर सकाळी धुळीचा थर दिसायचा तो जवळपास गेला, एवढं सांगू शकतो. दम्याची औषधं अर्थातच चालू आहेत, आणि दुसऱ्या घरात असाच फरक पडेल असं मी म्हणणार नाही.

मोठ्याचे तोटे आहेतच. जागा खातो, आणि भिंतीला चिकटवून ठेवला तर हवा ओढायला वाव राहत नाही. फिल्टर महाग. मात्र त्याचं क्षेत्रफळ जास्त असल्याने तो भरायला वेळ लागतो, आणि बाहेरची जाळी नियमित व्हॅक्यूम केली तर आणखी टिकतो. हेपा मात्र धुऊ नका. फिल्टर बाहेर काढाल तेव्हा कडेची फोमची पट्टी नीट बघा. घड्या राखाडी झालेल्या असणं चांगलं. पट्टीच्या पलीकडे, स्वच्छ हवेच्या बाजूला काळपट ओघळ दिसला तर हवा फिल्टरला वळसा घालून जातेय असं समजा. मग फिल्टरचा दर्जा एच १३ असो की त्याहून वरचा एच १४, उपयोग नाही.

दुकानात एच १३ वर फार जोर देतात. खोलीतली हवा पुन:पुन्हा फिरत असते, त्यामुळे एका फेरीत ९९.९५ टक्के कण अडले की ९५ टक्के, यापेक्षा तासाला किती फेऱ्या होतात याला महत्त्व जास्त. आयोनायझर (हवेतल्या कणांना विद्युतभार देणारा भाग) असेल तर तो बंद करता यायला हवा. त्यातून ओझोन निघू शकतो, आणि दम्याच्या माणसाला तो बाधतो. ऑटो मोडवरही मी विसंबत नाही. सेन्सर यंत्राच्याच अंगावर असतो, आजूबाजूची हवा आधी स्वच्छ होते, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला धूळ असतानाच यंत्र मंदावतं.

खर्चाची भीती असेल तर वीज त्यात धरू नका. ५० वॅटचं यंत्र दहा तास चाललं तरी अर्धा युनिट. एसी लावून दार बंद केलंत तर प्युरिफायर उत्तम चालतो, कारण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. पण कार्बन डायऑक्साइड कुठलाच प्युरिफायर काढत नाही, तेव्हा दिवसातून एकदा खिडक्या उघडायलाच हव्यात. आम्ही दुपारनंतर उघडतो, समुद्रावरचा वारा सुटलेला असतो तेव्हा. आणि बेडरूममध्ये डासांची कॉइल जळत असेल तर आधी ती बंद करा.

पावसाळ्यात हवा धुऊन निघते, तेव्हा यंत्राची फारशी गरज पडत नाही. फिल्टर चांगला कोरडा असताना काढून प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात कुबट वास येतो.

लहान कुणी घ्यावा? खोली आठ बाय दहाची असेल, भाड्याचं घर वरचेवर बदलत असेल, किंवा अभ्यासाच्या टेबलाशी दिवसाच चालवायचा असेल, तर लहान पुरेसा आहे. दोन लहान घेऊन दोन्ही मधल्या वेगावर चालवणं हाही चांगला मार्ग. फक्त फिल्टर दोन लागतील. झोपेच्या खोलीसाठी, त्यातही घरात दम्याचं माणूस असेल तर, मी मोठ्याकडेच झुकेन. दुकानात गेलात की त्याला मधल्या वेगावर चालवायला सांगा, शेजारी उभं राहून ऐका, आणि त्या वेगाचा सीएडीआर विचारा. सांगता आला नाही, तर वरच्या आकड्याचा निम्मा धरा आणि तो तुमच्या खोलीला पुरतो का ते बघा.