वृत्त ओळखणारे ॲप: गणांत पक्के, अभंगात कच्चे

कवितेची ओळ टंकून दिली की लघुगुरूंचा (आखूड व लांब उच्चाराच्या अक्षरांचा) क्रम, गण (तीन-तीन अक्षरांचे गट) आणि वृत्ताचे नाव दाखवणारे हे मोफत ॲप अक्षरगणवृत्तांपुरते, म्हणजे गणांच्या ठरलेल्या क्रमाने बांधलेल्या वृत्तांपुरते, खरोखर उपयोगी आहे. 'मनाच्या श्लोकां'तील भुजंगप्रयाताचे ४ य गण (लघु-गुरू-गुरू) आणि १२ अक्षरे ते तत्काळ मांडते, आणि १९ अक्षरांच्या शार्दूलविक्रीडितात १२व्या अक्षरानंतर येणारा यतीही (विरामही) अचूक दाखवते. अडचण मराठी उच्चाराची आहे. जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू, हा नियम ते सरसकट लावते. पण 'तुम्ही', 'उन्हात' अशा शब्दांत पहिल्या अक्षरावर आघात येत नसल्याने ते लघुच राहते, आणि म्हणून 'तुम्ही'ने सुरू होणारी भुजंगप्रयातातील निर्दोष ओळही येथे वृत्तभंगाच्या तांबड्या रंगात उमटते (संस्कृत नियमावली जशीच्या तशी उचलल्याचा हा परिणाम असावा). मोठ्या अभंगाची ६-६-६-४ ही अक्षरसंख्या ते मोजते, परंतु दुसऱ्या व तिसऱ्या चरणांना बांधणारे यमक, म्हणजे त्या रचनेचा कणाच, त्याला दिसत नाही. मात्रावृत्तांची, म्हणजे अक्षरांऐवजी मात्रा मोजून बांधलेल्या वृत्तांची, सोय नाही. अक्षरगणवृत्ते शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ते जरूर वापरावे, मात्र त्याचा निकाल स्वीकारण्यापूर्वी ओळ स्वतः मोठ्याने म्हणून पाहावी.