जुना ऑटो गिअरबॉक्स: तसाच चढवायचा, उघडून चढवायचा की आपलाच दुरुस्त करायचा?

करूळ घाट चढून आलेली दाजींची २०१० ची होंडा सिटी ऑटोमॅटिक साळवणच्या पुढं ओढायचीच थांबली. एक्सिलेटर दाबला की आरपीएमचा काटा चार हजारांवर आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं. टेम्पोवाला टोचन लावायच्या तयारीत होता, त्याला मी फोनवरूनच थांबवलं. ऑटो गिअरच्या गाडीत तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद ठेवून पुढची चाकं रस्त्यावर फिरवली की आतले भाग कोरडेच घासतात. शेवटी फ्लॅटबेडवर घालून गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणली. तिथं तीन मेस्त्र्यांचे तीन सल्ले: भंगारातला बॉक्स आणून चढवा, आणा पण उघडून चढवा, नाहीतर हाच दुरुस्त करा.

तुम्हीही याच तिकटीवर उभे असाल तर माझा कौल मधल्या रस्त्याला. पण सरसकट नाही, गाडी कुठली त्यावर आहे.

तसाच चढवायचा फायदा एकच, गाडी लवकर रस्त्यावर येते. बॉक्स ज्या गाडीत होता ती चालू असताना तुम्ही स्वतः चालवून बघितली असेल तर हा सौदा वाईट नाही. थंड इंजिनवर पार्कमधून रिव्हर्समध्ये टाका. सेकंदा-दीड सेकंदात गाडीनं हलका धक्का देऊन पकडलं पाहिजे. मग डी, हलक्या पायानं, एकेक गिअर मोजत. पण कुर्ल्याहून किंवा बेंगळुरूहून ट्रकनं येणाऱ्या बॉक्सला ही परीक्षा देता येत नाही. विकणारा म्हणतो, ‘चालला नाही तर परत आणा.’ ती हमी नुसत्या लोखंडाची असते. उतरवायची-चढवायची मजुरी आणि ओतलेलं तेल तुमच्याच खिशातून. ही मजुरी दोनदा पडली की स्वस्तातला बॉक्स सगळ्यात महाग ठरतो.

त्यात ओळख पटवायचा घोळ. आमच्याकडं आलेला पहिला बॉक्स ‘सिटीचाच आहे’ म्हणून आला. बाहेरून जुळा भाऊ. वायरिंग लावायला गेलो तर प्लग बसेना, म्हणून चिखल खरवडून वरचा नंबर बघितला, तर कोड वेगळा. नक्की कुठल्या गाडीतून काढला हे विकणाऱ्यालाही सांगता येईना. म्हणून पैसे देण्याआधी आपल्या बॉक्सवर ठोकलेल्या नंबरचा फोटो आणि त्याच्या बॉक्सवरच्या नंबरचा फोटो शेजारी ठेवा. मॉडेलच्या नावावर जाऊ नका. सिटीचंच बघा: २००३ च्या पिढीत सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा आणि पुल्या), २००८ साली आलेल्या पिढीत ५ गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देणारा डबा), २०१४ पासून परत सीव्हीटी, आणि ती जुन्या सीव्हीटीपेक्षा वेगळी. नाव एक, बॉक्स तीन, तेलंही तीन: एचएमएमएफ, एटीएफ, एचसीएफ-२. त्यातलं एक दुसऱ्यात घालून चालत नाही. आणि बिलावर मूळ गाडीचा चासी नंबर लिहून घ्या, नाहीतर उद्या पोलीस चौकीत उत्तर देत बसाल.

कोल्हापूर-सांगलीकडच्या मालाबद्दल एक जास्तीची भीती आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इकडच्या किती गाड्या बुडाल्या ते आपण बघितलंय. बॉक्सला हवा जायला वर एक छोटी नळी असते, बुडालेल्या गाडीत पाणी तिथून आत जातं. ड्रेन प्लग काढून दोन थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. लाल, पारदर्शक असेल तर उत्तम. तपकिरी आणि जळका वास असेल तर क्लच प्लेटा संपल्या. गुलाबी दुधासारखं दिसलं तर मात्र तो बॉक्स फुकट दिला तरी नको. प्लेटांवरचं अस्तर कागदी जातीचं असतं आणि डिंकासारख्या चिकटवणीनं बसवलेलं असतं, ते पाण्यात सुटतं. आज चालेल, चार महिन्यांनी पापुद्रे निघतील. असलं दुधाळ तेल काढून ताजं लाल तेल ओतलेला मालही येतो, म्हणून प्लगचं चुंबकही बघा. सिटीच्या ५ गिअरच्या बॉक्सला खाली ट्रे नसतो, चुंबक प्लगलाच असतं. त्यावर करड्या रंगाची बारीक काजळी चालते, ती झीज. नखाला टोचणारा कीस नको.

आता उघडून चढवणं. पूर्ण ओव्हरहॉल नव्हे. बॉक्स बाकावर असतानाच पुढचं ऑईल सील, दोन्ही अॅक्सलची सील आणि फिल्टर हाताला येत असेल तर तोही बदलायचा, सोलेनॉइडचा (तेलाची वाट उघडणारा-मिटणारा विजेचा वॉल्व) रेझिस्टन्स मीटरनं बघायचा. हा खर्च दुसऱ्यांदा उतरवायच्या मजुरीपेक्षा कमी येतो. ‘अपग्रेड’ म्हणतात ते इथंच करायचं. चारऐवजी सहा गिअरचा बॉक्स बसवायचं डोक्यात असेल तर काढून टाका. मारुतीनं २०२२ मध्ये एर्टिगात सहा गिअर दिले तेव्हा कंट्रोलही त्याच्या जोडीचं दिलं, जुन्या गाडीचा ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) त्याच्याशी बोलणार नाही. आपल्याकडं उपयोगी पडतो तो तेलाचा जास्तीचा कूलर. गगनबावडा, आंबा, फोंडा घाटात पहिल्या-दुसऱ्यात हळू चढताना टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत असतो, आणि ती सगळी घसरण तेलात उष्णता होऊन जाते. बॉक्स मरतो तो बहुतेक या उष्णतेनं.

कूलर लावा न लावा, जुन्या पाइपा आणि रेडिएटरमधला तेलाचा कूलर धुतल्याशिवाय बॉक्स चढवू नका. मेलेल्या बॉक्सचा कीस तिथं दडून बसलेला असतो, तो पहिल्याच दिवशी नव्याच्या पोटात जातो.

आपलाच दुरुस्त करायचं कधी? बिघाड एका सोलेनॉइडचा, सीलचा किंवा वॉल्व बॉडीचा (तेलाच्या वाटांचा ठोकळा) असेल तर डोळे मिटून. कोड जुळतो, वायरिंग जुळतं, इतिहास माहीत असतो. मारुतीचा सियाझ-एर्टिगातला ४ गिअरचा बॉक्स असेल तर प्लेटा बदलायचाही विचार करा, रचना साधी आहे. दाजींच्या बॉक्समध्ये मात्र क्लचच्या ड्रमच्या आत ओरखडे होते आणि जळक्या प्लेटांचा चुरा कन्व्हर्टरपर्यंत गेलेला. कन्व्हर्टर वेल्ड केलेला डबा, तो कापूनच साफ होतो. उद्यमनगरात लेथवर कापून देणारे भेटतील, आपल्या टर्नरच्या हाताबद्दल शंकाच नाही. पण परत वेल्ड केल्यावर रनआऊट (फिरताना होणारा डोल) आणि बॅलन्स अचूक नसला तर पुढचं सील टिकत नाही. म्हणून आम्ही तो नाद सोडला.

सीव्हीटी किंवा ड्राय क्लचचा सात गिअरचा डीएसजी (फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचवाला बॉक्स) असेल तर स्कॅनर लावून बघितल्याशिवाय जुना बॉक्स घेऊच नका. सीव्हीटीतल्या बेल्टचे ओरखडे बाहेरून दिसत नाहीत आणि डीएसजीच्या मेकाट्रॉनिकला (त्याचं कंट्रोल) कोडिंग लागतं. एएमटी हा मुळात मॅन्युअलच बॉक्स आहे, वर क्लच आणि गिअर हलवणारं यंत्र. तिथं बहुतेकदा ते यंत्र नाहीतर क्लच जातो, अख्खा बॉक्स शोधायचं कारण नसतं.

मॅन्युअल गाडी ऑटो करायची असेल तर नुसता बॉक्स घेऊन भागत नाही. फ्लेक्सप्लेट (कन्व्हर्टर इंजिनला जोडणारी पातळ तबकडी), अॅक्सल, माउंटिंग, रेडिएटर, गिअर लिव्हर, ईसीयू आणि अख्खं वायरिंग लागतं, म्हणजे एक अपघाती गाडीच विकत घ्यावी लागते. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांबद्दल आहे, आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. माझ्या मते त्यापेक्षा गाडी बदलणं परवडतं.

शेवटी कोड जुळणारा दुसरा बॉक्स मिळाला. तो चढवताना मी स्वतः बाकापाशी उभा राहिलो. कन्व्हर्टर शाफ्टवर ठेवून हलकेच फिरवायचा, तो टप्प्याटप्प्यानं ‘टक्’ करत आत बसतो. पोरगं दुसऱ्या ‘टक्’लाच बॉक्स उचलायला निघालं होतं. मेस्त्री म्हणाले, ‘थांब रं, अजून एक हाय.’ तसाच बोल्ट आवळला असता तर पंप तिथंच फुटला असता. तिसरा ‘टक्’ झाला. मग बॉक्स इंजिनला लावला, तर फ्लेक्सप्लेट आणि कन्व्हर्टरमध्ये थोडी फट राहिली आणि कन्व्हर्टर बोटानं मोकळा फिरत होता.

प्लगमधून एका वेळी निम्मंच तेल निघतं, म्हणून थोड्या थोड्या अंतरानं तीनदा बदललं. तिसऱ्यांदा प्लग काढला तेव्हा चुंबकावर नुसती काजळी होती. दाजी परत करूळला जाऊन आलेत, यावेळी कूलर लावून.