किडनी निकामी होत असताना व्हिटॅमिनची कोणती गोळी घ्यावी?

नेहमीची मल्टिव्हिटॅमिन आणि किडनीच्या रुग्णांसाठीची गोळी, दोन्हींची पाकिटं शेजारी ठेवून मागची बारीक अक्षरं वाचा. पहिलीची यादी लांबलचक, दुसरीची तोकडी. हात आपसूक लांब यादीकडे जातो, आणि गफलत तिथेच होते.

लांब यादीत बहुधा व्हिटॅमिन 'अ' असतं. रक्तात ते एका प्रथिनाला धरून फिरतं आणि त्या प्रथिनाची विल्हेवाट किडनी लावते. तीच थकली की 'अ' साचत जातं. वरून आणखी दिलं तर यकृत आणि हाडांना त्रास, रक्तातलं कॅल्शियमही वाढू शकतं. तोकड्या यादीत 'अ' नसतं, ते मुद्दाम. तिच्यात बी गट, फोलिक ॲसिड आणि साधारण ६० ते १०० मिग्रॅ 'सी' असतं. पाण्यात फसफसणारी १००० मिग्रॅची 'सी' तर घेऊच नये: जादा 'सी'चं ऑक्झलेट होतं, ते लघवीवाटे जाईना की शरीरात साठतं. शिवाय त्या फेसात सोडियम असतं.

डायलिसिस सुरू असेल तर माझं मत सरळ तोकड्या यादीच्या बाजूने. बी१, बी६, फोलिक, 'सी' डायलिसिसमध्ये वाहून जातात. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाजी उकळून पाणी ओतलं की त्यातूनही हीच जातात. त्या दिवशीची गोळी डायलिसिस झाल्यावर घ्यायची, नाहीतर तीही धुतली जाते.

डायलिसिस नाही, जेवण बरं आहे? मग मी तपासणीशिवाय काहीच घेणार नाही. 'बी कॉम्प्लेक्सने काय बिघडतंय' हे खरं नाही. मधुमेहाने किडनी बिघडलेल्या २३८ जणांवरचा कॅनडातला अभ्यास २०१० साली छापून आला. फोलिक, बी६ आणि बी१२ भरपूर मात्रेत घेणाऱ्यांची किडनी औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा लवकर खालावली.

'डी'चा हिशोब वेगळा. साधं 'डी', म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल, पूर्ण कामाला लागण्याआधी किडनीतून जावं लागतं. कॅल्सिट्रायॉल हे 'डी' तयार रूपातच येतं, म्हणून ते वरचढ वाटतं. पण ते कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही चढवतं. रिपोर्टमध्ये नुसतं 'डी' कमी असेल तर बहुधा साधंच पुरतं. पीटीएच, म्हणजे कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक, खूप वाढलेलं आणि वाढतच असेल तर कॅल्सिट्रायॉलचा विचार होतो. ते सुरू झालं की कॅल्शियमची रक्ततपासणी चुकवायची नाही.