बोअरवरचं विद्युतचुंबकीय मीटर : चौदा महिने वापरून

आमच्या रोपवाटिकेची जमीन सरकारी, भाडेपट्ट्यावर घेतलेली. करार नव्याने झाला तेव्हा अट आली : बोअरला सीलबंद मीटर लावा, दरमहा रीडिंग द्या, वर्षाला ठरवून दिलेल्या घनमीटरच्या वर उपसा गेला की पट्ट्यावर गदा. म्हणून हे ५० मिमीचं मीटर घेतलं.

आधीच्या पंख्याच्या मीटरपेक्षा कितीतरी सरस. त्यात बोअरची वाळू अडकायची, पंखा जड व्हायचा आणि आकडा कमी यायचा. (कमी येतो म्हणून तक्रार कोण करतं म्हणा!) ह्यात फिरणारा भागच नाही. चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहिलं की जे व्होल्टेज तयार होतं, त्यावरून वेग काढतं. वीज गेली तरी बेरीज पुसत नाही.

घोळ घातला तो बसवणाऱ्याने. एल्बोला, म्हणजे पाइपच्या वळणाच्या जोडाला, खेटून, टाकीकडे उतरणाऱ्या पाइपवर बसवून गेला. पाच हजार लिटरची, म्हणजे पाच घनमीटरची, टाकी भरली की मीटर ५.९ घनमीटर दाखवायचं. तिथे पाइप अर्धवट भरलेला. मीटर मात्र तो काठोकाठ भरलाय असंच धरून हिशेब करतं. न उपसलेलं पाणी माझ्या नावावर! विक्रेत्याला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा 'पंपात हवा धरली असेल'. शेवटी पुस्तिका मीच वाचली. सील काढायच्या परवानगीत महिना गेला. मग मीटर पाणी वर चढतं त्या उभ्या पाइपवर घेतलं, त्याच्या आधी व्यासाच्या पाचपट सरळ पाइप ठेवला. आता तीच टाकी ५.०३.

मीटरला चार तारे. पाचवा बसवणाऱ्याने घालवला.

अटीवर मात्र माझी कुरकुर आहे. रोज सकाळी पंप लावायच्या आधी मी बोअरमध्ये पातळीची टेप सोडतो. टोक पाण्याला टेकलं की बीप वाजतो. शेजारच्या पट्टेदाराचा पंप रात्रभर चालला असला की माझं पाणी दीड मीटर खाली गेलेलं असतं. मीटरं दोघांचीही मर्यादेत. म्हणून तुलना त्याचा पंप बंद असतानाच्या मोजणीचीच करतो : गेल्या वर्षी ह्याच महिन्यात १८.४ मीटरवर लागलेलं पाणी यंदा २१.१ वर आहे. रीडिंगच्या फॉर्मवर पातळीला रकानाच नाही. मी समासात लिहून देतो.