अ‍ॅम्लोडिपिन की डिल्टियाझेम? हृदय प्रत्यारोपणानंतरचा रक्तदाब

हृदय नवं बसलं तरी रक्तदाब बहुतेकांचा चढतोच. शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन ही औषधं मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आकसवतात, अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. आपल्या इंदुरात पोह्यांवर शेव हवीच, तिच्यातलं मीठ रक्तदाब आणखी वाढवू शकतं.

शीर्षकातल्या दोन्ही गोळ्या रक्तदाबाच्या. त्यांतली डिल्टियाझेम टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम अडवते. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते, म्हणून त्याचा डोस घटवावा लागतो. काही डॉक्टर हे मुद्दाम साधतात, खर्चही वाचतो. पण गावी डिल्टियाझेमची गोळी संपली आणि कुणी ती परस्पर बंद केली, तर पातळी घसरते आणि शरीर नवं हृदय नाकारू शकतं. मला याचीच सर्वांत भीती वाटते.

अ‍ॅम्लोडिपिनचा पातळीवर परिणाम कमी. पातळीची तपासणी वेळेवर होणार नसेल, तर डॉक्टरांशी आधी हिच्याबद्दल बोला. घोटे मात्र सुजतात. ती सूज केशवाहिन्यांतून झिरपल्याची असते, लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. रोज सकाळी वजन करा. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं किंवा धाप लागली, तर पाणी साठत असू शकतं. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.