'बॉर्डरलाइन' रिपोर्ट वाचायला शिकवणारे सहा शनिवार

गेली तीन वर्षे माझा वार्षिक तपासणीचा रिपोर्ट पाहून डॉक्टर 'बॉर्डरलाइन आहे, जरा सांभाळा' एवढेच म्हणत आणि मीही ते घरी पोहोचेपर्यंत विसरून जात असे. यंदा मात्र पत्नीच्या आग्रहाखातर, मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांतले बिघाड एकत्र येऊन मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढवणारी स्थिती) असलेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांसाठी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात चालणाऱ्या वर्गाला नाव नोंदवले. दर शनिवारी दीड तास, असे सहा वर्ग आणि शुल्क २,४०० रुपये. हा वर्ग व्यायामाचा नाही आणि पथ्याचाही नाही. आपल्या हाती येणारी वैद्यकीय माहिती समजून कशी घ्यावी आणि तिची पारख कशी करावी, हा त्याचा विषय आहे.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला स्वतःचा रिपोर्ट आणायला सांगितले होते. कोऱ्या कागदावर पाच चौकोन आखून घेतले: कंबरेचा घेर भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर किंवा अधिक; ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) १५० किंवा अधिक; एचडीएल (कोलेस्टेरॉलचा एक प्रकार) पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी; रक्तदाब वरचा १३० किंवा खालचा ८५ पासून पुढे; आणि उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक. यांपैकी कोणतेही तीन चौकोन भरले, की मेटाबॉलिक सिंड्रोम. माझी साखर १०६ होती. परंतु लॅबने स्वतःची मर्यादा ७० ते ११० अशी छापलेली असल्यामुळे तो आकडा ठळक अक्षरांत आला नव्हता, आणि ठळक नाही म्हणजे ठीक आहे, अशी माझी पक्की समजूत होती. ट्रायग्लिसराइड १७८ होते. राहता राहिला घेर. माझी पँट ३४ इंचाची, म्हणजे सुमारे ८६ सेंटीमीटर, म्हणून मी निर्धास्त होतो; पण शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावली तेव्हा ९७ भरले. पँट आपण पोटाखाली बांधतो, हे इतकी वर्षे लक्षातच आले नव्हते.

येथे पुण्याचेच मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण दिले गेले. ते आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेले छायाचित्र पडद्यावर दाखवले: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. 'मी कुठे जाड आहे?' हा आमच्यापैकी निम्म्या जणांचा प्रश्न त्या एका चित्राने मिटवला.

शिकवण्याची पद्धत ही या वर्गाची सर्वांत जमेची बाजू. शिकवणाऱ्या परिचारिका 'समजलं का?' असे कधीच विचारत नाहीत, कारण त्यावर आपण सगळे माना डोलावतो. त्या विचारतात, 'आता हेच घरी वहिनींना कसं सांगाल?' या प्रश्नावर एका निवृत्त काकांनी 'माझा एचडीएल कमी आलाय, म्हणजे चांगलंच की' असे सांगितले आणि बाकीचे आकडे कमी हवेत, हा एक मात्र जास्त हवा, हे त्यांना पुन्हा समजावून द्यावे लागले. मी गप्प होतो, पण माझाही तोच समज होता.

चौथ्या वर्गात बिस्किटांचे आणि फरसाणाचे पुडे फोडण्याऐवजी वाचायला दिले. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे दर्शनी भागावर गव्हाच्या लोंब्या छापलेल्या पुड्यात पहिला शब्द मैदा आहे, हे तेथेच कळले. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण निघते. म्हणजे ८०० मिलिग्रॅम सोडियम हे दोन ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे. मग आपापल्या फोनवरचे 'मधुमेह मुळापासून बरा' छापाचे संदेश तपासले. मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, ही माहिती मला पूर्णपणे नवी होती.

आता तक्रारी. माहिती समजावी म्हणून भरवलेल्या वर्गात आहाराचा तक्ता इंग्रजीत दिला गेला, आणि त्यात ओट्स, ब्रोकोली व ऑलिव्ह तेल, तेही ग्रॅममध्ये. चौदा जणांत किमान पाच जणांना तो वाचता येत नव्हता. भाकरी किती, वरण किती वाट्या, एकादशीला साबुदाण्याचे काय, या प्रश्नांना आहारतज्ज्ञांनी हसून बगल दिली. चातुर्मासात हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शेवटच्या वर्गातला अर्धा तास रुग्णालयाच्या वार्षिक तपासणी पॅकेजची ओळख करून देण्यात गेला. 'सांगणारा काय विकतोय, ते आधी पाहा,' हे त्यांनीच शिकवलेले असल्याने एका काकूंनी 'ही माहिती म्हणायची की जाहिरात?' असे शांतपणे विचारले, आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा बराच वेळ टेबलावरच राहिला.

शुल्क वसूल झाले असे मी म्हणेन, आहाराचा तास वगळून. जाणाऱ्यांनी एका वर्षाचा नव्हे, तर दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट बरोबर न्यावेत. घरात स्वयंपाक ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही नेता येते आणि त्यांचे वेगळे शुल्क पडत नाही. मला हे तिसऱ्या शनिवारी कळले.